पावडर तोलण्याआधी काटा तपासा

अमेरिकेत घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांनी काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. इथे पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, ग्रेनमध्ये तोलतात: 1 ग्रेन म्हणजे जेमतेम 64.8 मिलिग्रॅम, एका पौंडात 7000 ग्रेन. डिजिटल काटा चुकून ग्रॅमवर गेला, तर पडद्यावरचे 5 म्हणजे प्रत्यक्षात 77 ग्रेन! म्हणून सुरुवातीला आणि अधूनमधून प्रमाणित वजन ठेवून बघाच. पंखा, एसी बंद ठेवा. साध्या झुळकीनंही आकडा हलतो.

हँडलचं पावडर मेझर, म्हणजे पावडर मापून सोडणारं यंत्र, आकारमानानं माप टाकतं, वजनानं नाही. लांबट कांड्यांची पावडर त्यात अडकते, मग एक माप कमी आणि पुढचं जास्त पडतं. हँडल एका लयीत फिरवा आणि दर दहावं माप काट्यावर घ्या. प्रमाण मात्र पावडर कंपनीच्या चालू तक्त्यातलंच, ऐकीव नको.

खरी धास्ती दुप्पट मापाची. पिस्तुलाच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचात, ते कित्येकदा सहज मावतं, आणि मग हत्यार हातातच फुटू शकतं. गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करा, वरून टॉर्च मारा, पातळी एकसारखी आहे का पाहा. जरा शंका आली तर ओतून पुन्हा तोला. टेबलावर पावडरचा डबा एकच हवा.