मोबाइल पाहून अन्न टाळू लागलेल्या मुलीसाठी घरच्यांनी काय करावे

सांगली-मिरजेकडे मुलीचे जेवण कमी झाले की ‘परीक्षेचा ताण असेल’ किंवा ‘मेसचे जेवण आवडत नसेल’ असा तर्क होतो. ती मोबाइलवर बारीक अंगाची कोणती चित्रे पाहते याची चौकशी सर्वांत शेवटी होते. वास्तविक ती आधी व्हावी. पॅसिफिक महासागरातील फिजी या बेटांच्या देशाच्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही किशोरी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अॅन बेकर यांच्या पाहणीत आढळली नव्हती. १९९८ मध्ये हेच प्रमाण ११.३ टक्के निघाले, आणि तेही भरल्या अंगाचे कौतुक असलेल्या समाजात.

प्रथम ताटाकडे लक्ष द्यावे. भाकरीचे तुकडे आमटीत नुसते फिरवणे, मैत्रिणींनी फोडलेल्या भडंगाच्या पुडीतले चार दाणे मोजून घेणे, संकष्टीच्या जोडीला नवनवे उपवास धरणे (उपवासाला आपल्याकडे कोणी हरकत घेत नाही, म्हणून ही पळवाट फार दिवस लपते), जेवण उरकताच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणे आणि पाळी चुकणे, यांतले दोन-तीन प्रकार एकत्र दिसले तर थांबू नये.

मोबाइल हिसकावून घेऊ नये. ती मैत्रिणीच्या मोबाइलवर तेच पाहील आणि तुमच्याशी बोलणे मात्र बंद करील. निवांत वेळी शेजारी बसून ‘आठ दिवसांत सपाट पोट’ छापाची खाती तिच्याच हातून अनफॉलो करवावीत आणि तशी रील आली की ‘नॉट इंटरेस्टेड’ निवडायला सांगावे, कारण ज्यावर आपण रेंगाळतो तेच पुन्हा पुढे येते. तिचाच फोटो फिल्टर लावून व काढून दाखवावा. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलच्या शरीराची जाडी फोटोत बदलली असल्यास तसे नमूद करावे लागते. रीलवर अशी सूचना सहसा नसते.

‘स्थळं बघायचीत, जरा बारीक हो’ म्हणणाऱ्या मावशी-आत्यांना तिच्यासमोरच थांबवावे.

वजन नेहमीइतके दिसत असले तरी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून भोवळ किंवा धडधड जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मुलीवर एकदम तूप-लाडवांचा मारा करणेही धोक्याचे असते. आहार किती व कसा वाढवायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.