या चुका टाळा : पावसाळ्यात लिथियम बॅटरीचं इलेक्ट्रोलाइट करताना

जुलैत कोल्हापुरात गुळाच्या रव्याला पाणी सुटतं. पॉलिमर इलेक्ट्रोलाइटसाठी, म्हणजे बॅटरीत आयन वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या फिल्मसाठी, आपण वापरतो तो एलआयटीएफएसआय हा लिथियमचा क्षार गुळापेक्षाही लवकर सादळतो. वजनकाट्यावर ठेवलेल्या क्षाराचा आकडा स्थिर न होता वर सरकत राहिला, तर काटा बिघडलेला नसतो. क्षार हवेतलं पाणी ओढत असतो. त्याच वजनावर पुढचं प्रमाण काढलंत, तर फिल्ममध्ये लिथियम कमीच पडणार.

आमची सगळ्यात मोठी चूक या पाण्याचीच. पीईओची (पॉलिइथिलीन ऑक्साइड या पॉलिमरची) फिल्म ओतली, वाळल्यासारखी दिसली, मोजली. वाहकता अपेक्षेच्या दहापट! दोन दिवस प्रयोगशाळेत आनंदीआनंद होता. मग तीच फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा मोजली आणि आकडा खाली आला. पाण्यामुळे पॉलिमरच्या साखळ्या सैल होतात, आयन सहज सरकतात, म्हणून फिल्म गुणी वाटते. लिथियम धातूला लावली की तेच पाणी धातूशी भिडतं आणि सेल वाया जातो. खोलीच्या तापमानाला साध्या पीईओ फिल्मची वाहकता ०.००००१ सिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते. आकडा फारच चांगला आला, तर आधी ओलाव्यावर संशय घ्या. फिल्म ओतण्यासाठी वापरलेलं आणि पूर्ण न उडालेलं अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावकही अशीच फसवणूक करतं. वजन करा, वाळवा, पुन्हा वजन करा; घट थांबेपर्यंत मोजमाप नको. ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) नसेल, तर फिल्म ओतायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

मोजताना दुसरी चूक होते ती जाडीची. मऊ फिल्म स्टीलच्या चकत्यांमध्ये दाबली की पातळ होते. दाबण्याआधीची १५० मायक्रॉन जाडी सूत्रात घातली आणि प्रत्यक्षात ती १०० उरली असेल, तर वाहकता दीडपट फुगते. म्हणून मोजून झाल्यावर जाडी पुन्हा घ्या. रोध वाचायचा तो इम्पिडन्सच्या (एसी रोधाच्या) आलेखात अर्धवर्तुळ संपून तिरकी रेघ सुरू होते तिथे. तापमान बदललंत, तर प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास थांबा. पीईओ ६५ अंशांच्या आसपास वितळतो आणि त्या पट्ट्यात घाईने घेतलेले आकडे मागेपुढे होतात.

द्रव इलेक्ट्रोलाइट वापरणाऱ्यांनी तर कुठलीच ढिलाई करू नये. त्यातला एलआयपीएफ६ हा लिथियमचा क्षार पाण्याच्या संपर्कात आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते काच खातं, हाडापर्यंत इजा करतं आणि सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही. बाटली अ‍ॅल्युमिनियमची हवी, ग्लोव्ह बॉक्सबाहेर उघडायची नाही. या इजेवर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुलपातल्या कपाटात ठेवू नका, टेबलावर हाताशी ठेवा. थेंब अंगावर पडला, तर भरपूर पाण्याने धुवा, जेल लावा आणि दुखण्याची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.