आखाजी ते पोळा: जुनं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर नेण्याची तयारी

कापसाच्या शेवटच्या गाठी बांधून झाल्या, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके उतरले, की जिनवाल्याशी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदाराशी, निवांत बोलता येतं. दसऱ्यानंतर काट्यावर गाड्यांची रांग लागली की शेठ कुणाचं ऐकत नाहीत, आणि त्यांनी ऐकूही नये. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. जळगाव-धुळ्याकडे जिनिंग, डाळमिल आणि आडतीचं सॉफ्टवेअर देणाऱ्या आपल्या सगळ्यांचीच गिऱ्हाइकं आता एकेक करून संगणक बदलणार. काम आखाजीला धरा आणि पोळ्यापर्यंत उरका.

आधी नावं लिहून काढा. मुनीमजी फोनवर ‘टॅली नाइन’ म्हणतात, तेव्हा समोर हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं टॅली ९ असेल, टॅली ईआरपी ९ असेल किंवा टॅलीप्राइमही असेल. प्रत्यक्ष जाऊन पडद्यावरचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि विंडोज ३२ बिटचं की ६४ बिटचं, हे वहीत उतरवा. मी काही वर्षं पुण्यात आयबीएमच्या एएस/४०० या कारखान्यांतल्या मोठ्या संगणकावर काम केलं. १९८८ साली आलेलं ते यंत्र २००० मध्ये आयसिरीज झालं, २००६ मध्ये सिस्टिम आय, आणि २००८ पासून त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला आयबीएम आय म्हणतात. कारखान्यातली माणसं मात्र शेवटपर्यंत ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणायची. त्या नावावर विसंबून आम्ही अंदाज बांधायचो आणि फसायचो, कारण २००८ च्या आवृत्तीत जुने प्रोग्राम नव्याने रूपांतरित करावे लागत होते. ज्या प्रोग्राममधून जागा वाचवायला निर्मितीची माहिती काढून टाकलेली होती, ते रूपांतरित होतच नव्हते. मूळ सोर्स, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, असेल तरच त्यापासून ते पुन्हा तयार (कंपाइल) करता यायचे.

म्हणून दुसरं काम सोर्स शोधण्याचं, आणि माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं. नुसता सापडून भागत नाही. तो आपल्या संगणकावर कंपाइल करा, तयार झालेला प्रोग्राम गिऱ्हाइकाकडच्या प्रोग्रामशी ताडून बघा. अंमळनेरकडच्या एका जिनात मी हे केलं नव्हतं. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा जीएसटी जिनवाल्यानेच भरायचा, हा बदल १५ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे ऐन आवकीत. माझ्याकडचा सोर्स दोन वर्षं जुना निघाला. मधले बदल आमच्याकडच्या मुलाने तिथल्याच संगणकावर केले होते आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. तीन आठवडे मुनीमजींनी कराचा हिशोब हाताने केला. ती चूक माझी होती आणि ती मला अजून बोचते.

मग प्रोग्राम कशात लिहिलाय त्यानुसार वाटणी करा. विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा, क्लिपर किंवा फॉक्सप्रो २.६ या जुन्या भाषांतला असेल तर तो ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये तो उघडतो, पण असा एखादा हंगामच काढावा. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा आधार १३ जानेवारी २०१५ लाच संपला, तरी ते ३२ बिटचं असल्याने अजून चालतं. त्याच्या डेटा साठवणाऱ्या डीबीएफ फाइलला मात्र २ जीबीची मर्यादा आहे, तेव्हा फाइलींचे आकार आजच बघून ठेवा.

वजनकाट्याची वायर विसरू नका. बहुतेक नव्या संगणकांना काट्याची वायर लावायची जुनी खाच, म्हणजे सिरियल पोर्ट, नसतो. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला की विंडोज त्याला कॉम ५ किंवा कॉम ७ असा पोर्टचा नंबर देतं आणि आपला प्रोग्राम कॉम १ वर वजनाची वाट बघत बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबर १ करून द्या, आणि कन्व्हर्टर कुठल्या खाचेत लावायचा तिथे रंगाचा ठिपका द्या. शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही त्याच दिवशी, कार्बनचा कागद घालून तपासा.

शेतकऱ्यांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या लिपी-संकेतात, नेताना सावकाश चला. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, त्यामुळे शिरपूर, शिंदखेडा, नशिराबाद हमखास बिघडतात. कुऱ्ह्यातला अर्धा ऱ्हही बघा. निदान गावांची यादी तरी डोळ्यांनी वाचून काढा. शेतकऱ्याचं नाव पट्टीवर चुकीचं छापणं मला तरी पटत नाही.

प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये नव्याने लिहिला असेल तर मागच्या डिसेंबरातला सर्वात गर्दीचा दिवस निवडून त्याच्या सगळ्या काटापावत्या पुन्हा भरा आणि हमाली, तोलाई पैशापर्यंत जुळवा. १२.५० रुपये पूर्ण करताना फॉक्सप्रो १३ धरतं, तर डॉटनेट काही वेगळं सांगितलं नसेल तर १२ धरतं. हंगामभराच्या पावत्यांत हा फरक साठत जातो आणि मुनीमजींचा रोजमेळ बसत नाही.

बॅकअप घ्या, तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, आणि एक प्रत जिनाच्या आवाराबाहेर ठेवा. रुईला (सरकी काढलेल्या कापसाला) आग लागते हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

जुना संगणक भंगारात देऊ नका. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. तेवढ्या वर्षांचा डेटा साध्या सीएसव्हीत, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या मजकुराच्या फाइलीत, काढून शेठच्या हवाली करा. जुन्या डब्याच्या पंख्यातला रुईचा भुरा साफ करा, त्यावर वर्षं आणि पासवर्ड कुणाकडे आहे ते लिहून चिकटवा, आणि तो गाठी बांधणाऱ्या प्रेसपासून लांब, कपाटात कापडात गुंडाळून ठेवा.