बॅन्शीचं गिअरिंग आणि टायमिंग: या चुका टाळा

“गाडी खालून ओढत नाही”, म्हणजे कमी आरपीएमवर दम नाही, म्हटलं की नवशिक्या आधी मॅग्नेटचं (क्रँकवर फिरणाऱ्या चुंबकी चाकाचं) कव्हर खोलतो आणि स्टेटर प्लेट फिरवतो. ठिणगी कधी पडते, म्हणजे टायमिंग, ते या प्लेटच्या जागेवर ठरतं. दुखणं बहुतेक वेळा मागच्या चाकांत असतं.

यामाहा बॅन्शी या चारचाकी एटीव्हीला चेनच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) कंपनीकडून पुढे १४ आणि मागे ४१ दात यायचे, म्हणजे गुणोत्तर २.९३. मागचे टायर २० इंची. मुळशीच्या चिखलात पकड हवी म्हणून २२ इंची टायर चढवले, की तेच गिअरिंग २.६६ सारखं वागतं. स्प्रॉकेटला हात लागलेला नसतो, तरी गाडी जड झालेली असते. त्यात पोर्टिंग केलेलं (सिलिंडरमधली भोकं घासून वाढवलेलं) टू-स्ट्रोक इंजिन वरच्या आरपीएमवरच जागं होतं. तिथवर ते पोचतच नसेल तर ओढणार कुठून? मूळचा दम परत हवा तर पुढे १३ आणि मागे ४२ लावा, गुणोत्तर ३.२३ होतं. पुढचा एक दात मागच्या साधारण तीन दातांएवढा असतो, म्हणून आधी स्वस्तातलं पुढचं स्प्रॉकेट बदलून बघा. पुढे १२ च्या खाली मात्र जाऊ नका, चेन फार कमी गोलाईत वळते आणि लवकर झिजते.

हे न करता टायमिंग चार डिग्री अ‍ॅडव्हान्स केलं, म्हणजे ठिणगी तेवढी आधी पाडली, की पुढचा क्रम ठरलेला आहे. चढावर तिसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, आरपीएम वर जात नाही, आणि ठिणगी लवकर पडतेय. वर पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. बॅन्शी १९८७ ची रचना आहे. तिच्या कार्ब्युरेटरला इथेनॉल कळत नाही, त्यामुळे मिश्रण आठेक टक्क्यांनी पातळ (हवेच्या मानानं इंधन कमी) होतं. जड गिअरिंग, लवकरची ठिणगी आणि पातळ मिश्रण एकत्र आलं की नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा बेताल भडका) सुरू होतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज हेल्मेटमध्ये, सायलेन्सरच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. हेड उघडल्यावर पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चकचकीत कण मिरपुडीसारखे चिकटलेले असतात. नवा पिस्टन टाकून प्लेट तिथंच ठेवली, तर तोही त्याच वाटेनं जातो.

म्हणून आधी गिअरिंग, मग जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक), टायमिंग सगळ्यात शेवटी. मेन जेट एक-दोन नंबर वर न्या, फुल थ्रॉटलवर इंजिन बंद करून क्लच दाबा आणि प्लग काढून बघा. टायमिंग मूळ १७ डिग्रीवर, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या तेवढं आधी असतं. चार डिग्री वाढवणं म्हणजे पिस्टनचा जेमतेम पाऊण मिलिमीटर, तेव्हा “अंदाजानं थोडंसं” हा प्रकार चालत नाही. प्लेट हलवण्याआधी सुईनं खूण करा. मॅग्नेट ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट प्लेट सरकवली की ठिणगी लवकर पडते. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून खात्री करा. साध्या पेट्रोलवर दोन डिग्रीच्या पुढे जाऊच नये. चार हवेत तर जास्त ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला जास्त दाद न देणारं पेट्रोल भरा.

दुसरी चूक म्हणजे मॅग्नेट हातोडीनं काढणं. चुंबक तडकतात, क्रँकच्या टोकाला मार बसतो. त्याचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) पुण्यात नाना पेठेत शोधा, नाहीतर भोसरीतल्या लेथवाल्याकडून करून घ्या. बसवतानाची घाई याहून वाईट. मॅग्नेटला धरून ठेवतो तो टेपर (क्रँकचं निमुळतं टोक), ‘की’ (खाचेतली छोटी पाचर) नव्हे; ती फक्त जागा दाखवते. टेपरवर ऑइलचा हात लागला किंवा नट ढिला राहिला की मॅग्नेट घसरतो, ‘की’ कापली जाते आणि टायमिंग कुठल्या कुठे जातं. मग प्लेटवरच्या खुणा खोट्या ठरतात. किक मारताना उलटा झटका बसायला लागला तर प्लेटला हात न लावता आधी ‘की’ बघा. टेपर पेट्रोलनं पुसून कोरडा करा, बारीक ग्राइंडिंग पेस्टनं मॅग्नेट त्यावर हातानं घासा, पुन्हा पुसा आणि नट टॉर्क रेंचनंच आवळा.

चेनचा ताण गाडी स्टँडवर असताना धरू नका. मागच्या शॉकचा खालचा बोल्ट काढा, स्विंगआर्म (मागची चाकं धरणारा हात) उचलून पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट (स्विंगआर्मचा सांधा) आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आणा. चेन सगळ्यात ताठ होते ती इथं, आणि इथंही ती बोटभर हलली पाहिजे. लॉक लिंकच्या (चेन जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला.

नव्या स्प्रॉकेटवर जुनी चेन नको. ५२० मापाच्या चेनच्या २० कड्या ३१७.५ मिमी भरतात. ३२३ च्या वर गेली तर ती भंगारात.

फ्रेमला पावडर कोटिंग करून आणल्यावर ठिणगी पिवळी पडते, आणि लोक थेट नवा सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) विकत घेतात. इग्निशन कॉइलच्या बोल्टखालचा रंग खरवडा आणि इंजिनपासून कॉइलपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर ओढा.