एप्रिल-मे मध्ये हंपी बघायची असेल तर दिवस असा लावा

हंपीचा बेस्ट सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यांना माहितीये, पण मुलांना सुट्ट्या पडतात उन्हाळ्यातच आणि तेव्हा तिथं पारा चाळिशीला टेकतो. तरी नीट बघता येते, फक्त सगळा क्रम उन्हाच्या हिशोबाने लावायचा. वरच्या उन्हापेक्षा खालचा दगड जास्त त्रास देतो, सगळीकडे ग्रॅनाइट, तो दिवसभर तापतो आणि सूर्य मावळला तरी धग सोडत राहतो.

राहायला होस्पेट किंवा कमलापूर घ्या, एसी रूम, कारण दुपारी परत यायचंय. कोल्हापूर-मिरजेकडच्यांना हरिप्रिया एक्सप्रेस थेट होस्पेटला सोडते, तिथून हंपी 13 किलोमीटर. रिक्षा दिवसभरासाठी ठरवून घ्या, भाड्याची सायकल या दिवसांत नकोच.

बॅग आदल्या रात्रीच भरा. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, टोपी किंवा पंचा, फुल बाह्यांचे कॉटनचे कपडे आणि जाड मोजे. मोजे खरंच घ्या, विरूपाक्ष मंदिरात आजही पूजा होते म्हणजे चप्पल बाहेर, आणि ऊन चढलं की फरशी अक्षरशः पोळते. खाऊ पिशवीत चेन लावून ठेवा, हातात केळं दिसलं की माकडं आलीच.

पहाटे उजाडायच्या आत हेमकूट टेकडीवर पोचा. सगळे मातंग टेकडी सांगतात, पण उतरताना ऊन अंगावर येतं आणि लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर फार दमछाक होते. हेमकूटवरून खाली उतरलात की विरूपाक्ष, तिथं मागच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते ती कुणालातरी विचारून बघाच. मग कृष्ण मंदिर, उग्र नरसिंह (एकाच दगडातली 6.7 मीटरची मूर्ती) आणि शेजारचं पाण्यातलं बडवीलिंग, हे सगळं उन्हं तापायच्या आत.

तिकीट खिडकी उघडली की लगेच विठ्ठल मंदिर. गाड्या लांबच थांबतात, पुढे बॅटरीची गाडी मिळते. दगडी रथ म्हणजे 50 च्या नोटेवरचा तोच, खरंतर ते गरुडाचं मंदिर आहे. सूर देणाऱ्या खांबांवर टकटक करू नका, मनाई आहे आणि आधीच खूप झीज झालीये. गाभारा रिकामा आहे. विठ्ठलाची मूर्ती हंपीला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरपूरला परत आणली अशी आपली परंपरा सांगते, त्यामुळे मराठी माणसाने इथे घाई करूच नये, मंडपाच्या सावलीत निवांत बसावं. अकराला मात्र निघायचं म्हणजे निघायचं.

अकरा ते चार उन्हात काहीच नाही. जेवण, झोप, आणि हौस असेल तर कमलापूरचं म्युझियम, तिथं अख्ख्या हंपीचं मोठं मॉडेल आहे ते बघितलं की सकाळी काय कुठे पाहिलं ते डोक्यात बसतं. शुक्रवारी बंद असतं.

चारनंतर आधी कमल महाल आणि 11 घुमटांची गजशाळा, सकाळचंच तिकीट इथे चालतं म्हणून फेकू नका. मग हजारराम मंदिर, भिंतींवर अख्खं रामायण कोरलंय. महानवमी दिब्बा (उंच दगडी चौथरा) सगळ्यात शेवटी कारण तिथं सावलीच नाही.

एक सांगतो, तिथली हवा कोरडी, घाम लगेच वाळतो म्हणून पाणी कमी पडतंय हे कळतच नाही. तहान नसली तरी घोट घोट पीत राहा. डोकं दुखलं, मळमळलं की लगेच सावलीत बसवा, मानेवर ओला पंचा ठेवा, ओआरएस द्या. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग खूप तापलं तर वाट न बघता ओल्या कपड्याने अंग पुसत थेट होस्पेटचा दवाखाना गाठा. आणि गरम होतंय म्हणून तुंगभद्रेत उडी मारू नका, खडकांमधला प्रवाह फसवा आहे.

दुसरा दिवस हाताशी असेल तरच अंजनाद्री टेकडी, 575 पायऱ्या आहेत, त्याही पहाटेच चढायच्या.