एमबीएच्या पीआयमध्ये (पर्सनल इंटरव्ह्यूत) राजकारणावर प्रश्न आला की काय करायचं

कॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेनंतर कॉलेजांचे मुलाखतीचे कॉल आले की जानेवारी-फेब्रुवारीत ओळखीतली पोरंपोरी माझ्याकडे मॉकला, म्हणजे सराव मुलाखतीला येतात. मी कोणी सर वगैरे नाही, एमबीए करून नोकरी करतो आणि रविवारी मॉक घेतो, फी म्हणजे चहा-पोहे. 'एमबीए का', 'तुमचा वीक पॉइंट काय' हे सगळ्यांचं तोंडपाठ असतं, पण मराठा आरक्षणाबद्दल तुमचं मत काय असं विचारलं की समोरचा घसा खाकरतो आणि म्हणतो, दादा मी राजकारणात पडत नाही.

हेच उत्तर मी पण दिलं होतं. पॅनलमधले एक प्रोफेसर म्हणाले, उद्या सरकारने ड्युटी बदलली आणि तुमच्या कंपनीचा माल बंदरात अडकला तर तेव्हा पण पडणार नाही का? मग मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेलो आणि दोन मिनिटं पानटपरीवरच्यासारखा बोललो, सगळे चोर, सगळे सारखेच. तो कॉल काही कन्व्हर्ट झाला नाही आणि खरं सांगायचं तर व्हायला पण नको होता.

एक लक्षात घ्या, तुम्ही कुठल्या पक्षाचे यात पॅनलला रस नसतो. त्यांना बघायचं असतं की न पटणाऱ्या माणसाचं म्हणणं तुम्हाला धड मांडता येतं का. म्हणून उत्तराची सुरुवात 'मला वाटतं'ने करू नका, आधी काय घडलंय ते सांगा.

आरक्षणाचंच घ्या, महाराष्ट्रातल्या पोरांना हा प्रश्न हमखास येतो. 2018 ला राज्याने 16 टक्के दिलं, 2019 ला हायकोर्टाने ते शिक्षणात 12 आणि नोकरीत 13 वर आणलं, 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टाने कायदाच रद्द केला कारण 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडायला लागेल अशी अपवादात्मक परिस्थिती त्यांना दिसली नाही, मग फेब्रुवारी 2024 मध्ये परत 10 टक्क्यांचा नवा कायदा आला. एवढं वीस सेकंदात होतं. त्यानंतर जी बाजू तुमची नाही ती मांडा, आणि अशी मांडा की त्या बाजूचा माणूस ऐकत असेल तर मान डोलवेल. म्हणजे तुम्ही विरोधात असाल तर शेतीचे तुकडे होत गेले, उत्पन्न घटलं, शेजारच्याला सवलत आणि आपल्याला फी, हे सांगा. बाजूने असाल तर ओबीसींना आपला वाटा जाईल ही भीती का वाटते ते सांगा. मग स्वतःचं मत, आणि त्या मताची किंमत कोणाला मोजावी लागेल ते पण. हे शेवटचं कोणीच करत नाही, आणि पॅनलचा पुढचा प्रश्न नेमका त्यावरच येतो.

काउंटर कसा येतो ते बघा. ईडब्ल्यूएसने, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बलांच्या आरक्षणाने, 50 टक्के ओलांडलेच ना, मग मराठा आरक्षणाला वेगळा न्याय का? इथे नव्वद टक्के पोरं गारद. नोव्हेंबर 2022 च्या निकालात (3 विरुद्ध 2 होता तो) बहुमताने म्हटलं की ती मर्यादा आधीच्या जातआधारित आरक्षणापुरती आहे आणि तीही दगडावरची रेघ नाही. हे माहीत असेल तर तुम्ही शांतपणे सांगू शकता की प्रश्न योग्य आहे, कोर्टाने फरक असा केला, मला तो पटतो किंवा नाही पटत. पटत नाही म्हणायला पण हरकत नाही, फक्त का ते सांगा.

फॉर्मवरचं गाव बघून प्रश्न येतात हे विसरू नका. नागपूरचे असाल तर वेगळा विदर्भ आणि 1953 चा नागपूर करार, लातूरचे असाल तर 2016 ला मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे, राजापूर बाजूचे असाल तर रिफायनरी. निफाडच्या एका मुलीला मी मॉकमध्ये कांदा निर्यातबंदी विचारली, तिच्या घरचा कांदा लासलगावला जातो. मला वाटलं आता ही चिडणार. तर तिने आधी शहरात कांदा महागला की सरकार का घाबरतं ते सांगितलं, मग डिसेंबर 2023 ची बंदी, मे 2024 ला ती उठवली पण 550 डॉलर किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के ड्युटी लावून, आणि मग म्हणाली की आमचा राग बंदीपेक्षा ती एका रात्रीत येते याचा जास्त आहे. मी पुढचा प्रश्नच विसरलो.

अजून एक चूक सगळे करतात, नुसतं 'सरकार' म्हणतात. कुठलं सरकार? निर्यातबंदी केंद्राची, पोलीस राज्याचे, शिक्षण दोघांच्या यादीत. इथे घसरलात की बाकीचं कितीही छान बोला, गेलं.

पक्षफुटीवर विचारलं तर गद्दार, खोके हे शब्द कट्ट्यावरच ठेवून या. दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, 1985 चं, एक तृतीयांश फुटीची पळवाट 2003 ला बंद झाली, शिवसेनेच्या फुटीवर मे 2023 ला सुप्रीम कोर्टाने राज्यपालांचं चुकलं म्हटलं पण उद्धव ठाकरेंनी राजीनामा आधीच दिलेला म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही असं सांगितलं. एवढ्यावर दहा मिनिटं निघतात आणि कोणाला शिवी द्यावी लागत नाही.

बाहेरच्या कॉलेजात हिंदीवरून डिवचतील, मराठी लोकांना हिंदीचा एवढा राग का म्हणून. रागावू नका, आम्ही हिंदी पिक्चर बघतोच की. 2025 मध्ये भांडण पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचं होतं, एप्रिलमध्ये जीआर निघाला, जूनच्या शेवटी मागे घेतला, आणि विरोध सक्तीला होता असं मुद्द्यावर आणा. तुम्हाला सक्ती योग्य वाटत असेल तर तेही सांगा, मराठी म्हणून एकच मत असलं पाहिजे असं काही नाही.

मत कोणाला दिलं असं विचारलं तर हसून मतदान गुप्त असतं म्हणा, पण तिथेच थांबू नका, मत देताना काय बघता ते सांगा. मतदान केलंच नसेल तर खोटं बोलू नका, नाव सोलापूरच्या यादीत आणि नोकरी पुण्यात हे पॅनलला कळतं, फक्त मग नाव बदलून का घेतलं नाही याचं उत्तर तयार ठेवा.

काहींना आडनाव बघून प्रश्न येतात, तुमच्या समाजाला काय वाटतं वगैरे. हे मला अजिबात बरोबर वाटत नाही पण होतं. अख्ख्या समाजाच्या वतीने मी बोलू शकत नाही, माझ्या घरी काय दिसलं ते सांगतो, एवढं शांतपणे म्हणा आणि धोरणावर या.

पॅनलने आवाज चढवला तर बघा की नवी माहिती आलीये की नुसता आवाज. माहिती असेल तर हा मुद्दा मी धरला नव्हता म्हणून मान्य करा, नुसता आवाज असेल तर मतावर राहा. आणि माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणा. एक-दोनदा चालतं, फेकलेलं मात्र लगेच पकडतात.

तयारीला एक वही घ्या, सात-आठ विषय, प्रत्येकाला एक पान. सराव मित्रांसोबत करू नका, ते तुमच्याच बाजूचे असतात. प्रत्येक घरात एक तरी काका असतो ज्याचं राजकारण आपल्याला झेपत नाही, त्याच्यासमोर बसून त्याचीच बाजू त्याला सांगून दाखवा. तो 'हां, अगदी बरोबर' म्हणाला की ते पान तयार झालं, पुढचं उघडा.