तितर वाढवायचेत? सापळा लावण्याआधी या चुका टाळा

मी गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरशायरच्या पूर्व भागातल्या एका शेतावर कामाला आहे. गहू, बार्ली, रेप (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) अशी पिकं. मालकांना शेताच्या कडांवर ग्रे पार्ट्रिज पुन्हा नांदवायचे आहेत. पाळून सोडलेले नाहीत, रानातच जन्मलेले. आपल्या माळावरच्या तितरापेक्षा हा पक्षी थोडा थोराड असतो, नराच्या छातीवर घोड्याच्या नालेसारखा तपकिरी डाग असतो. पण दबून बसण्याची, पायाखालून एकदम भर्रकन उठण्याची रीत तीच. इथे ही शिकारीच्या पक्ष्यांत गणली जाणारी जात आहे आणि १९६० च्या दशकापासून तिची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली आहे. म्हणून हे काम मला नुसत्या नोकरीपुरतं वाटत नाही.

मादी कुंपणाच्या बुडाशी, गेल्या वर्षीच्या वाळक्या गवतात साधारण पंधरा अंडी घालते आणि पंचवीसेक दिवस एकटी उबवते. त्या दिवसांत खोकड (इथला फॉक्स, ज्याला आपण गोष्टींत कोल्हा म्हणतो), कावळा, मॅग्पाय (कावळ्याच्याच कुळातला काळा-पांढरा पक्षी), मुंगसासारखा लांबट स्टोट आणि उंदीर या सगळ्यांची नजर तिथे असते. त्यामुळे हे शिकारी प्राणी-पक्षी पकडून, मारून आवरावे लागतात हे खरं. मात्र हे काम चुकीच्या पद्धतीने झालं तर प्राणी मरतात आणि पक्षी वाढत नाहीत. दोन्हीकडून नुकसान.

मोजणी न वाचताच खोकडावर आळ घेणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती मीही केली आहे. तिसऱ्या वर्षी आमच्या थव्यांत जेमतेम चार-पाच पिल्लं दिसत होती. आम्ही सापळे वाढवले, रात्रीची गस्त वाढवली. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच पिल्लं. तेव्हा एका जुन्या गेमकीपरनी (शिकारीच्या पक्ष्यांची राखण करणाऱ्याला इथे गेमकीपर म्हणतात) माझी वही पाहिली आणि विचारलं, "माद्या किती होत्या?" मी थव्यांची बेरीज लिहून ठेवली होती, नर-मादी वेगळे लिहिलेच नव्हते.

काढणी झाली की ऑगस्टच्या अखेरीला धसकटात, सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी, गाडी हळू चालवत प्रत्येक थवा दुर्बिणीतून पाहायचा. मोठे नर किती, मोठ्या माद्या किती, पिल्लं किती आणि ती केवढी, हे वेगवेगळं लिहायचं. आकडे मग स्वतःच बोलतात. नरांच्या मानाने माद्या फार कमी असतील तर त्या बहुधा घरट्यावर बसलेल्या असताना मारल्या गेल्या. इथे खोकडाचा संशय रास्त आहे. जोड्या आहेत पण बऱ्याच जोड्यांसोबत पिल्लूच नाही, तर अंडी गेली. इथे कावळे, मॅग्पाय, स्टोट, उंदीर यांच्याकडे पाहा. आणि बहुतेक जोड्यांना पिल्लं आहेत, पण थवे लहान आहेत, तर पिल्लं अंड्यातून बाहेर आली आणि नंतर मेली. याचं सगळ्यात नेहमीचं कारण उपासमार.

एक गफलत इथे होते. पहिलं घरटं गेलं की मादी दुसऱ्यांदा अंडी घालते, पण कमी. त्यामुळे थवा लहान असेल आणि पिल्लंही वयाने लहान असतील, तर तो दुसऱ्या खेपेचा असू शकतो. म्हणून पिल्लांचा आकार लिहिल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही.

आमची पिल्लं वयाने मोठी होती आणि संख्येने कमी. म्हणजे त्यांना मारलं होतं तणनाशकाने. हे सरळ विष नव्हे. पहिले दोन आठवडे ती जवळपास किड्यांवरच जगतात: सॉफ्लाय नावाच्या माशीसारख्या किड्याच्या अळ्या, पानांवरचे भुंगे, ढेकण्या. हे किडे गव्हातल्या तणावर राहतात. तण गेलं की किडे गेले. शास्त्रज्ञ डिक पॉट्स यांनी १९६८ पासून दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये वर्षानुवर्षं मोजणी करून हीच साखळी दाखवून दिली. आम्ही धान्याची बाहेरची सहा मीटरची कड फवारणीतून वगळली. फरक दिसायला दोन हंगाम लागले, पण दिसला.

"शिकारी आवरून काही होत नाही" असं मानणं

ही उलट बाजूची चूक. चांगलं गवत आणि किडे दिले की पुरे, असं म्हणणारे भले लोक मला नेहमी भेटतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॉल्सबरी प्लेन या दक्षिण इंग्लंडमधल्या माळावर हेच तपासून पाहिलं गेलं. दोन जागा घेतल्या. तीन वर्षं एका जागी शिकारी आवरले, दुसरी तशीच ठेवली. मग जागांची अदलाबदल केली. तीन वर्षांनंतर शिकारी आवरलेल्या जागी ऑगस्टमधले पक्षी साडेतीन पट आणि वसंतातले प्रजननक्षम पक्षी २.६ पट निघाले. जागांची अदलाबदल केल्यामुळे "ती जमीनच चांगली होती" ही पळवाट उरली नाही.

आमच्याच काउंटीत लॉडिंग्टनला ॲलर्टन प्रकल्प हा शेतावरचा संशोधन प्रकल्प १९९२ पासून चालू आहे. तिथे काही वर्षांनी शिकारी आवरणं मुद्दाम थांबवलं गेलं, अधिवास मात्र तसाच ठेवला. शिकारीचे पक्षी तर घटलेच, ससेही झपाट्याने घटले. घरटं करायला गवत, पिल्लांना किडे आणि विणीच्या काळात शिकाऱ्यांपासून मोकळीक, या तिन्ही पायांवरच हे स्टूल उभं राहतं.

भलत्या महिन्यात जोर लावणं

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकं निघून रान मोकळं झालेलं असतं, म्हणून लोक तेव्हा खोकडांमागे लागतात. पण नेमकी त्याच काळात खोकडांची वाढलेली पोरं आपापला मुलूख शोधत फिरत असतात. तुम्ही जागा रिकामी केलीत की महिन्याभरात दुसरं खोकड येऊन बसतं. विणीच्या वेळी परिस्थिती जिथली तिथे.

सॉल्सबरीतही हेच सूत्र होतं: वर्षभर प्राणी मारत बसायचं नाही, घरटी बांधली जाण्याच्या थोडं आधीपासून पिल्लं उडू लागेपर्यंत जमीन मोकळी ठेवायची. आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैपर्यंत काम कडक असतं. बाकीच्या काळात मोजणी, खाद्य आणि सापळ्यांची दुरुस्ती. यात एक नाजूक गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये खोकडाच्या बिळात पिल्लं असतात. पाजती मादी मारली तर ती बिळात भुकेने मरतात. म्हणून खोकडांचं काम तोवर बव्हंशी आटोपलेलं असावं. हे न पाळणारा माणूस माझ्या लेखी गेमकीपर नव्हे.

खुणा चुकीच्या वाचणं

घरट्याजवळ पिसं पडलेली दिसली की हातात घेऊन पिसाचं देठ पाहा. देठ दातांनी कातरलेलं असेल तर सस्तन प्राणी. देठ अखंड आणि पीस उपटलेलं असेल तर शिकारी पक्षी. अंड्याला चोचीचं भोक असेल आणि कवच घरट्यापासून दूर उघड्यावर पडलं असेल तर कावळा किंवा मॅग्पाय. अंडी जागच्या जागी चिरडून खाल्ली असतील तर हेजहॉग, म्हणजे इथला छोटा काटेरी प्राणी. घरटंच विस्कटलेलं असेल तर बॅजर, म्हणजे बिळात राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला प्राणी. या दोघांना हात लावायचा नाही. बॅजरसाठी तर १९९२ चा वेगळा कायदाच आहे. आणि पिसांसोबत कापलेलं गवत असेल तर दोष कोणत्याच प्राण्याचा नाही. जूनमध्ये कडेचं गवत कापणाऱ्या यंत्राचा आहे. उबवणारी मादी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही.

खात्री करायला म्हणून घरट्यापाशी रोज जाऊ नका. तुमच्या पायाखाली दबलेल्या गवताची वाट होते आणि कावळा वरून सगळं बघत असतो.

कावळ्याचा सापळा एकाच जागी ठेवणं

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते.

लार्सन सापळा मूळचा डेन्मार्कचा. एका कप्प्यात जिवंत कावळा ठेवतात, बाजूचे कप्पे उघडे. आपल्याकडचे फासेपारधी पाळीव तितराच्या हाकेवर रानातला तितर बोलावत, त्याच जातीची ही युक्ती. तितर हाकेला उत्तर देतो, कावळा आपल्या हद्दीत शिरलेल्या परक्याला हाकलायला येतो. म्हणजे हा सापळा हद्द धरून बसलेल्या जोडीवर चालतो, आणि तोही मुख्यतः मार्च ते मेमध्ये. हे लक्षात घेतलं की पुढचं आपोआप सुचतं. जोडीचं घरट्याचं झाड दिसेल अशा ठिकाणी सापळा ठेवायचा. दोन-तीन दिवसांत काही लागलं नाही तर हलवायचा. एक जोडी मिळाली की पुढच्या जोडीच्या हद्दीत न्यायचा. घराजवळ सोयीचा म्हणून वाड्याच्या भिंतीशी महिनाभर पडून राहिलेला सापळा मी पाहिला आहे.

भुलवणीच्या पक्ष्याला अन्न, स्वच्छ पाणी, निवारा आणि बसायला दांडी हवी. २४ तासांच्या आत प्रत्येक सापळा एकदा तरी पाहिलाच पाहिजे. हे नुसतं सौजन्य नाही, परवान्याची अट आहे. इंग्लंडमध्ये १९८१ च्या कायद्याने जवळपास सगळेच रानपक्षी संरक्षित आहेत, कावळासुद्धा. जनरल लायसन्सच्या, म्हणजे अर्ज न करता सगळ्यांना लागू होणाऱ्या सरकारी परवान्याच्या, अटींत बसेल तेवढंच करता येतं. २०१९ मध्ये एका कायदेशीर आव्हानानंतर हे परवाने अचानक मागे घेतले गेले आणि नव्याने लिहिले गेले. त्यामुळे "आम्ही नेहमी असंच करतो" हे उत्तर चालत नाही. दर वर्षी जानेवारीत चालू परवान्याचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचा.

जुनी अवजारं, जुनी समजूत

खळ्यात टांगलेला आजोबांच्या काळचा फेन नावाचा स्प्रिंगचा सापळा स्टोटसाठी १ एप्रिल २०२० पासून बेकायदा आहे. त्याजागी न्यूझीलंडमध्ये तयार झालेले डॉक सापळे किंवा मंजूर यादीतले दुसरे वापरावे लागतात. ते बोगद्यात बसवायचे आणि तोंड एवढं अरुंद करायचं की हेजहॉग आत जाणार नाही. स्टोट कुंपण, चर, भिंत धरून चालतो. म्हणून बोगदा दोन कुंपणं मिळतात तिथे, चराच्या मोरीपाशी, फाटकाच्या खांबाशी. मोकळ्या रानाच्या मधोमध लावलेला बोगदा रिकामाच राहतो. जानेवारीतच बोगदे मांडून ठेवा, सापळा मात्र नंतर सज्ज करा. तोवर लाकूड पावसात मुरतं आणि प्राणी त्यातून ये-जा करायला सरावतात.

फासांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सोडून द्या. वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. फासात कोण अडकेल हे माणसाच्या हातात राहत नाही. विष घातलेलं आमिष तर कोणत्याही परिस्थितीत नाही.

घार, ससाणा, बझर्ड, हॅरियर अशा शिकारी पक्ष्यांना इजा करणं गुन्हा आहे, आणि तसं करणाऱ्यांनी या सगळ्या कामाची अब्रू घालवली आहे. ससाण्यावर उपाय झाडीचा: खाद्याच्या जागेपासून दोन उड्यांत पोचता येईल अशी काटेरी दाटी वाढवा.

आपणच शिकाऱ्यांना जेवू घालणं

पक्ष्यांना खाद्य म्हणून ठेवलेले धान्याचे पिंप सहा महिने एकाच ठिकाणी राहिले की खाली उंदरांची वसाहत होते. तेच उंदीर मेमध्ये अंडी नेतात आणि त्यांच्यामागे स्टोट येतो. पिंप उंचावर टांगा, जागा बदला, सांडलेलं उचला. तरी वसंत संपेपर्यंत खाद्य बंद करू नका, कारण भुकेली मादी जास्त फिरते आणि जास्त दिसते. मेलेली मेंढरं आणि शिकारीनंतरची आतडी उघड्यावर टाकणं म्हणजे कावळ्यांना आवतण. शेजारी शिकारीसाठी हजारो पाळीव फेझंट (कोंबड्यासारखे मोठे पक्षी) सोडत असेल, तर तिथली खोकडं हिवाळाभर पोसली जातात. त्याच्याशी बोलल्याशिवाय तुमच्या एकट्याच्या श्रमाला मर्यादा राहणार.

शिवाय, ज्या पक्ष्यांसाठी हा खटाटोप, तेच बंदुकीखाली जाणार असतील तर? शरदातल्या मोजणीत शंभर हेक्टरला वीसपेक्षा कमी ग्रे पार्ट्रिज असतील, तर त्या वर्षी शिकार करू नये, असा इथल्या जाणकारांचा दंडक आहे. आम्ही तो मोडलेला नाही.

हे वाचून गावाकडे सापळा लावणं

बार्शीकडचा माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, आपल्या माळावरचे तितर कमी झालेत, मीही मुंगसांना सापळा लावतो." त्याला जे सांगितलं ते इथेही लिहितो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस, कोल्हा, खोकड, घोरपड यांना पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे. तितर धरणंही गुन्हाच. इंग्लंडची पद्धत तिथे उचलून नेता येत नाही आणि नेऊही नये. तिथे करण्यासारखं वेगळंच आहे. कोंबड्यांची घाण आणि मेलेली जनावरं उघड्यावर टाकू नका, मोकाट कुत्री त्यावरच वाढतात. आणि उन्हाळ्यात बांध पेटवू नका. त्याला म्हटलं, ओढ्याकडच्या बांधाचं गवत, बोरी-बाभळीच्या बुडासकट, पावसाळा संपेपर्यंत तसंच ठेव, आणि पहाटे तितर किती जागी ओरडतो ते वहीत लिहीत जा. त्याने मार्चपासून लिहायला सुरुवात केली आहे.